योजनातील परमाणू : ललितविस्तरातील एका महासंख्येची चिकित्सा

बौद्ध संस्कृत वाङ्मयातील 'ललितविस्तर' या ग्रंथाचा उल्लेख आपल्याकडे जितक्या आदराने होतो, तितक्या बारकाईने त्याचे वाचन होत नाही. या ग्रंथाच्या बाराव्या, म्हणजे 'शिल्पसंदर्शन' नावाच्या परिवर्तात एक गणनप्रकरण आहे. त्याचा हवाला देऊन व्याख्यानांतून आणि पुस्तिकांतून दोन विधाने वारंवार केली जातात. पहिले असे की, आधुनिक विज्ञानाच्या कित्येक शतके आधी बौद्धांनी अणूचे माप काढले होते. दुसरे असे की, ग्रंथात आलेली संख्या बोधिसत्त्वाच्या मुखातून आलेली असल्यामुळे ती तपासण्याचे कारण नाही. याउलट, हे सारे पौराणिक अतिशयोक्तीत जमा करून मोकळे होणारेही आहेत. प्रस्तुत लेखात आम्ही या प्रकरणातील एकाच संख्येची तपासणी करणार आहोत. एक योजन लांबीत किती परमाणू मावतात, हे सांगणारी ती संख्या होय. तिची घडण आणि तिचे मूळ अवयव नीट पाहिले, तर वरील तिन्ही भूमिका टिकत नाहीत, असे आमचे मत आहे.

ग्रंथ आणि प्रसंग

ललितविस्तर हा एका हातचा वा एका काळचा ग्रंथ नव्हे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत त्याचे निरनिराळे थर रचले गेले. धर्मरक्षाने इ. स. ३०८ मध्ये आणि दिवाकराने इ. स. ६८३ मध्ये या परंपरेतील बुद्धचरित्राचे चिनी भाषांतर केले. नवव्या शतकात ते तिबेटी भाषेत गेले. संस्कृत संहिता नेपाळातील हस्तलिखितांमुळे वाचली. तिचे पहिले मुद्रण राजेंद्रलाल मित्र यांनी कलकत्त्यास केले. त्यानंतर लेफमान यांची आवृत्ती १९०२ व १९०८ मध्ये जर्मनीत हाले येथून, आणि महाराष्ट्राचे विद्वान डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांची आवृत्ती १९५८ मध्ये दरभंग्याच्या मिथिला विद्यापीठातून प्रसिद्ध झाली.

प्रसंग असा आहे. दंडपाणी शाक्याची कन्या गोपा हिच्याशी राजकुमाराचा विवाह ठरवायचा आहे. शिल्पांत निपुण नसलेल्यास कन्या देणार नाही, असे दंडपाणी सांगतो. मग लिपी, गणित, धनुर्विद्या यांची परीक्षा होते. गणिताच्या परीक्षेत अर्जुन नावाचा गणकमहामात्र कोटीच्या पुढील गणना विचारतो. बोधिसत्त्व सांगतो की शंभर कोटी म्हणजे एक अयुत, शंभर अयुत म्हणजे एक नियुत, शंभर नियुत म्हणजे एक कंकर, शंभर कंकर म्हणजे एक विवर, शंभर विवर म्हणजे एक अक्षोभ्य. अशा प्रत्येकी शंभरपटीच्या तेवीस पायऱ्या चढून तो 'तल्लक्षण' या स्थानापर्यंत पोहोचतो. एकावर त्रेपन्न शून्ये दिली म्हणजे तल्लक्षण होते. त्यानंतर अर्जुन परमाणूंची गणना विचारतो आणि आमच्या विषयाला आरंभ होतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वैदिक यादीत अयुत म्हणजे दहा हजार आणि नियुत म्हणजे एक लक्ष. ललितविस्तरात अयुत म्हणजे शंभर कोटी. नावे तीच, मूल्ये निराळी. एका परंपरेचा शब्द दुसऱ्या परंपरेच्या मापाने मोजला, की सारा हिशेब चुकतो.

संख्येची घडण

बोधिसत्त्वाने सांगितलेले कोष्टक सरळ आहे. सात परमाणूरज म्हणजे एक अणू, सात अणू म्हणजे एक त्रुटी, सात त्रुटी म्हणजे वातायनरज, अर्थात झरोक्यातून येणाऱ्या उन्हात तरंगताना दिसणारा कण. त्यापुढे सात-सातच्या पटीने शशरज, एडकरज, गोरज, लिक्षा, सर्षप, यव आणि अंगुलीपर्व अशी मापे येतात. म्हणजे सशाची, मेंढ्याची व गाईची धूळ, नंतर लीख, मोहरी, जव आणि शेवटी बोटाचे पेर. सातच्या अशा दहा पायऱ्या झाल्या. पुढे बारा अंगुलीपर्वांची एक वितस्ती, दोन वितस्तींचा एक हस्त, चार हस्तांचे एक धनुष्य, एक हजार धनुष्यांचा एक क्रोश आणि चार क्रोशांचे एक योजन.

आता गुणाकार करू. सातचा दहावा घात म्हणजे २८,२४,७५,२४९. एका योजनात अंगुलीपर्वे किती? बारा, दोन, चार, एक हजार आणि चार यांचा गुणाकार ३,८४,०००. या दोहोंचा गुणाकार १०,८४,७०,४९,५६,१६,००० इतका येतो. एका योजनातील परमाणूंची ही संख्या.

ही संख्या लिहिताना आपण शेवटचे तीन अंक सोडून दोन-दोन अंकांनंतर स्वल्पविराम देतो. ललितविस्तराची स्थाने कोटीपासून शंभरपटीने चढत असल्यामुळे ती या स्वल्पविरामांशी तंतोतंत जुळतात. म्हणून हीच संख्या ग्रंथाच्या परिभाषेत जशीच्या तशी वाचता येते : १० कंकर, ८४ नियुत, ७० अयुत, ४९ कोटी, ५६ लक्ष, १६ सहस्र. शाळकरी मुलालाही ती मोठ्याने वाचता यावी, इतकी ही रचना स्वच्छ आहे.

एकपेक्षा मोठी कोणतीही पूर्ण संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारात एकाच प्रकारे मांडता येते, हा अंकगणिताचा मूलभूत सिद्धांत होय. जर्मन गणितज्ञ गाउस यांनी १८०१ मध्ये तो काटेकोरपणे सिद्ध केला. ललितविस्तराच्या रचनाकारांना हा सिद्धांत ठाऊक होता, असे म्हणण्यास ग्रंथात कोणताही आधार नाही, आणि तसा दावा आम्ही करीत नाही. परंतु आज ते साधन आपल्या हाती आहे. त्याने ही संख्या उघडली, तर तिच्यात चारच मूळ संख्या सापडतात : दोन, तीन, पाच आणि सात. दोनचा घात दहा, तीनचा एक, पाचचा तीन आणि सातचा पुन्हा दहा. अकरा, तेरा वा त्यापुढील कोणत्याही मूळ संख्येने तिला भाग जात नाही. तिचे एकूण विभाजक ९६८ आहेत. ती पूर्ण वर्ग नाही, कारण तीन आणि पाच यांचे घातांक विषम आहेत. मात्र तिला पंधराने गुणले, की ४,०३,३६,८०० या संख्येचा पूर्ण वर्ग मिळतो.

हे केवळ गणिती कुतूहल नव्हे. प्रत्येक मूळ अवयवाला या कोष्टकात आपापले मूळस्थान आहे. सारे सात धुळीच्या पायऱ्यांतून आले. एकुलता एक तीन आला तो वितस्तीच्या बारा बोटांतून. तिन्ही पाच आले ते क्रोशाच्या एक हजार धनुष्यांतून. सात आणि दहा यांना समाईक मूळ अवयव नसल्यामुळे सातचा घात कितीही वाढला तरी शेवटी एकही शून्य येत नाही. संख्येच्या शेवटी असलेली तीन शून्ये ही त्या तीन पाचांचीच देणगी आहे. संख्या जणू आपली वंशावळ स्वतःच सांगते. एखादी पायरी गळाली वा वाढली, तर तिची खूण घातांकात उमटल्याशिवाय राहत नाही.

परंपरेने आलेली बेरीज

आता कठीण प्रश्नाकडे वळू. कोष्टक सांगून झाल्यावर योजनातील परमाणूंची एकूण संख्या ग्रंथ शब्दांत देतो. ही शब्दांतील संख्या कोष्टकाशी जुळत नाही. तिचा आरंभच अक्षोभ्य या स्थानापासून होतो. ग्रंथाच्याच यादीप्रमाणे अक्षोभ्य म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपण काढलेली संख्या मात्र दहा कंकरांवर थांबते. ती विवरापर्यंतही पोहोचत नाही. मग अक्षोभ्याची गोष्टच दूर. म्हणजे हा फरक एखाद्या अंकाचा नाही, तर किमान नऊशेपटीचा आहे.

यातून दोनच अर्थ निघतात. कोष्टक बरोबर असून बेरीज बिघडली, किंवा बेरीज बरोबर असून कोष्टक बिघडले. निर्णय कसा करावा? येथे घातांकांची कसोटी उपयोगी पडते. कोष्टकातील प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे तपासता येते आणि अन्य ग्रंथांतील कोष्टकांशी ताडून पाहता येते. शब्दांत दिलेल्या एकूण संख्येला असा कोणताही आधार नसतो. लेखनिकाच्या हातून तिच्यातील एक स्थाननाम गळाले वा बदलले, तर संख्या शंभरपटीने सरकते आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. जी गोष्ट सहज बिघडते आणि बिघडल्याचे कळत नाही, तिच्यापेक्षा जी पुन्हा करून पाहता येते तिच्यावर विश्वास ठेवणे, हाच पाठचिकित्सेचा नियम असला पाहिजे. म्हणून आम्ही कोष्टक प्रमाण मानतो आणि बेरीज भ्रष्ट मानतो.

वसुबंधूच्या 'अभिधर्मकोशा'तील कोष्टक या निर्णयाला पुष्टी देते. तेथे क्रोश पाचशे धनुष्यांचा आहे आणि योजन आठ क्रोशांचे. वरवर पाहता ललितविस्तराशी हा विरोध वाटतो. पण पाचशे गुणिले आठ काय आणि एक हजार गुणिले चार काय, योजन दोहोंकडे चार हजार धनुष्यांचेच राहते. धुळीच्या बाजूस मात्र अभिधर्मकोशात सातच्या दहा नव्हे तर अकरा पायऱ्या आहेत, आणि भाष्यात तीन पर्वांचे एक बोट धरले आहे. ललितविस्तराने पेर आणि बोट एकच मानले होते. परिणामी अभिधर्मकोशाची संख्या ललितविस्तराच्या संख्येच्या सात गुणिले तीन, म्हणजे बरोबर एकवीसपट होते : २,२७,७८,८०,४०,७९,३६,०००. दोन संख्या शेजारी ठेवल्या तर त्यांत नाते दिसत नाही. मूळ अवयव काढले, की दोनचा घात दोहोंत दहा, पाचचा घात दोहोंत तीन, आणि फरक केवळ एका साताचा व एका तिनाचा, हे स्पष्ट होते. दोन ग्रंथ, दोन परंपरा, पण चौकट एकच. बेरजेतील बिघाड मात्र या चौकटीत कोठेच बसत नाही.

अणूचे माप खरोखर काढले होते काय?

आता त्या बहुचर्चित दाव्याकडे येऊ. हस्त सुमारे ४५ सेंटिमीटर धरला, तर त्याचा चोविसावा भाग सुमारे १.९ सेंटिमीटर येतो. त्याला सातच्या दहाव्या घाताने भागले, तर परमाणू सेंटिमीटरच्या सुमारे पंधरा कोटींव्या भागाइतका ठरतो. हायड्रोजनच्या अणूची त्रिज्या सेंटिमीटरच्या सुमारे एकोणीस कोटींव्या भागाइतकी आहे. आकडे इतके जवळ आलेले पाहून कोणालाही हर्ष व्हावा, हे स्वाभाविक आहे. परंतु हर्ष हा पुरावा नव्हे.

पहिली अडचण अभिधर्मकोशाची. त्याच हिशेबाने तेथील परमाणू एकवीसपट लहान, म्हणजे सेंटिमीटरच्या सुमारे तीनशे पंधरा कोटींव्या भागाइतका येतो. एक माप विज्ञानाशी जुळले म्हणून मिरवायचे आणि दुसरे जुळले नाही म्हणून झाकायचे, हे प्रामाणिकपणाचे लक्षण नाही. दोन्ही ग्रंथ आपलेच आहेत.

दुसरी अडचण याहून मोठी आहे आणि ती पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. कोष्टकाप्रमाणे सात मोहऱ्यांचा एक जव आणि सात जवांचे एक अंगुलीपर्व. म्हणजे एका बोटाच्या मापात एकोणपन्नास मोहऱ्या मावल्या पाहिजेत. स्वयंपाकघरातील मोहरी घेऊन पट्टीवर ओळीने मांडावी. मोहरीचा दाणा एक ते दोन मिलिमीटर जाडीचा असतो, १.९ सेंटिमीटरमध्ये दहा ते वीसच दाणे बसतात. लीख तर कोष्टकाप्रमाणे मोहरीच्या सातव्या भागाइतकी हवी. प्रत्यक्षात तिची लांबी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. जेथे डोळ्यांनी पाहता येते तेथेच सातची पट खरी उतरत नाही; मग जेथे डोळा पोहोचत नाही तेथे ती खरी उतरली, असे कोणत्या न्यायाने म्हणावे? कोणी म्हणेल की ही पट लांबीची नसून आकारमानाची असावी. तसे मानले तर परमाणूची लांबी लाखो पटींनी वाढते आणि हायड्रोजनशी जुळणारा आकडा समूळ नाहीसा होतो. दोन्हीकडून लाभ घेता येणार नाही.

येथे ग्रीक गणितज्ञ आर्किमिडीज याच्याशी तुलना उद्बोधक ठरेल. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात त्याने राजा गेलोन याला उद्देशून वाळूच्या कणांच्या गणनेवर एक निबंध लिहिला. सारे विश्व वाळूने भरले तरी कणांची संख्या एकावर त्रेसष्ट शून्ये यापेक्षा अधिक होणार नाही, असे त्याने दाखविले. त्यासाठी खसखशीचे दाणे त्याने पट्टीवर ओळीने मांडून पाहिले. पंचवीस दाण्यांनी बोटाची रुंदी ओलांडली. तरी हिशेब कमी पडू नये म्हणून त्याने चाळीस दाणे गृहीत धरले. कोणते गृहीत आणि कोणते पाहिलेले, हे त्याने वेगळे सांगितले. ललितविस्तरात अशी पडताळणी नोंदलेली नाही. तेथे एकसारखी सातची पट आहे, आणि ती मापनातून नव्हे तर रचनेच्या नियमिततेतून आली आहे. ही उणीव स्पष्टपणे सांगितली पाहिजे.

आणखी एक गोष्ट. परमाणू हा बौद्ध परंपरेत मोजलेला पदार्थ नव्हता, तो वादाचा विषय होता. परंपरेने वसुबंधूच्याच नावावर असलेल्या 'विंशतिका' या ग्रंथात परमाणूच्या कल्पनेवर आक्षेप घेतला आहे. सहा दिशांनी सहा परमाणू येऊन चिकटले, तर मधल्या परमाणूला सहा बाजू, म्हणजे सहा भाग मानावे लागतील. आणि सारे एकाच जागी आहेत असे मानले, तर त्यांचा पिंड एका परमाणूएवढाच राहील. ज्या परंपरेने स्वतःच्या परमाणूला असे प्रश्न विचारले, तिच्यावर आयत्या विज्ञानाचे श्रेय लादणे म्हणजे तिच्या खऱ्या बुद्धिसामर्थ्याचा अपमान करणे होय.

मग शिल्लक काय राहते?

पुष्कळ राहते. संख्येला अखेरची पायरी नसते, ही जाणीव राहते. दृश्य जगापासून अदृश्य कणापर्यंत एकाच नियमाने उतरता येते, ही कल्पनाशक्ती राहते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पायऱ्या उघडपणे मांडण्याची पद्धत राहते. ग्रंथाने केवळ भली मोठी संख्या उच्चारली असती, तर आपल्याला तिच्यापुढे नतमस्तक व्हावे लागले असते किंवा तिला हसावे लागले असते. त्याने कोष्टक दिले, म्हणूनच शतकानुशतके चालत आलेल्या बेरजेतील चूक आज आपण त्याच ग्रंथाच्या आधाराने दाखवू शकतो. ग्रंथाला अतिशयोक्ती म्हणून झटकणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. अतिशयोक्तीचे मूळ अवयव काढता येत नाहीत.

केसपुत्ताच्या कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आपल्या परिचयाचा आहे. परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले, एवढ्याने कोणतीही गोष्ट स्वीकारू नये, हा त्याचा गाभा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हीच कसोटी बुद्धचरित्राला लावली. वृद्ध, रोगी आणि मृत यांच्या दर्शनाने सिद्धार्थाने गृहत्याग केला, हे परंपरेचे उत्तर त्यांनी बुद्धीला न पटणारे म्हणून नाकारले. विवाहप्रसंगीच्या अद्भुत गणनस्पर्धेलाही त्यांनी आपल्या ग्रंथात स्थान दिले नाही. चमत्काराने तथागतांची थोरवी वाढत नाही, हे त्यामागील तत्त्व आहे. आज चमत्काराच्या जागी विज्ञानाचे नाव घेऊन तीच वृत्ती परत येऊ पाहत असेल, तर तिला त्याच कसोटीवर घासून पाहणे आपले कर्तव्य ठरते. खोट्या अभिमानाचे मोल शेवटी आपल्या मुलांना मोजावे लागते. परीक्षागृहात वा वादसभेत तो दावा एका प्रश्नाने कोसळतो, आणि त्याच्याबरोबर खरे असलेले तेही संशयास्पद ठरते.

म्हणून ललितविस्तराचे मराठीत भाषांतर वा संपादन करणाऱ्यांना आमची नम्र सूचना आहे. परंपरेने आलेली बेरीज गुपचूप दुरुस्त करू नये. ती हस्तलिखितात आहे तशीच छापावी. तिच्याखाली कोष्टकावरून येणारी संख्या द्यावी आणि दोहोंतील अंतर स्पष्टपणे नोंदवावे. आणि हायड्रोजनच्या अणूचा उल्लेख करावयाचाच असेल, तर त्यासोबत मोहरीचा दाणा आणि अभिधर्मकोशाची अकरावी पायरी यांचाही उल्लेख करावा.

१०,८४,७०,४९,५६,१६,००० ही संख्या कोणाच्याही अधिकारावर उभी नाही. सातने तिला दहा वेळा भाग जातो. दहाव्या भागानंतर ३,८४,००० उरतात आणि अकराव्या वेळी भाग जात नाही. हे पाहण्यासाठी श्रद्धा लागत नाही, वंश लागत नाही, पदवीही लागत नाही. भागाकार येणाऱ्या कोणत्याही मुलीला वा मुलाला ते स्वतः करून पाहता येते. आपल्या विहारांतून चालणाऱ्या अभ्यासवर्गांत हा भागाकार एकदा मुलांकडून करून घ्यावा, अशी आमची इच्छा आहे.